संगणक जुळवण्यापूर्वी कामाचा हिशेब

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर फोंड्याजवळ राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला. ‘‘दादा, दुकानदाराने कोटेशन पाठवलंय. बघून सांग, घेऊ की नको.’’ चवथीतील घुमट आरत्या, जत्रेतील नाटके, लग्ने, अधूनमधून एखादी मुलाखत असे ध्वनिमुद्रणाचे आणि चित्रणाचे काम तो काही वर्षांपासून करीत आहे. तोवर सारे एका जुन्या लॅपटॉपवर चालले होते आणि तीन तासांच्या नाटकाचे संकलन करताना त्या लॅपटॉपची व त्याची, दोघांचीही दमछाक होत असे. कोटेशनमध्ये नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेला इंटेलचा प्रोसेसर होता, एनव्हिडियाच्या ४० मालिकेतील मोठे ग्राफिक कार्ड होते, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, ५१२ जीबीची एसएसडी, कंपनीचे नाव न दिलेला ‘७५० वॅट एसएमपीएस’ आणि सात रंगांत उजळणाऱ्या पंख्यांचे काचेचे कॅबिनेट होते. यूपीएसचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या डिस्कचाही नव्हता.

दुकानदाराने फसवले असे म्हणता येणार नाही. गेम खेळणाऱ्या मुलाला त्याने हाच संगणक दिला असता आणि तो मुलगा आनंदाने घरी गेला असता. मात्र भाऊ कोणत्या कॅमेऱ्याने चित्रण करतो, एका वेळी किती माइक लावतो, काम झाल्यावर मूळ फायली कुठे ठेवतो, यातील एकही प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्या रविवारी आम्ही दोघे वही घेऊन बसलो. सुट्या भागांची नावे बाजूला ठेवली आणि आधी त्याच्या कामाचा हिशेब मांडला. तो हिशेब वाचकांपुढे ठेवण्याचा हेतू एवढाच, की गोव्यातील गावोगावी आज असे काम करणारी तरुण मंडळी आहेत आणि बहुतेकांचा पैसा चुकीच्या पेटीत जातो.

सुटे भाग आणून संगणक जुळवता येतो, याचे श्रेय १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीला आहे. त्याची रचना खुली असल्याने इतर कंपन्याही त्याला जुळणारे भाग बनवू लागल्या. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मापांचे मानक आणले. मदरबोर्डला भोके कुठे असावीत, एसएमपीएस केवढा असावा, हे त्यातून ठरले आणि आजही बाजारातले बहुतेक कॅबिनेट त्याच मापांना धरून असतात. म्हणूनच मडगावात घेतलेला मदरबोर्ड म्हापशात घेतलेल्या कॅबिनेटमध्ये बसतो, आणि तीन वर्षांनी डिस्क अपुरी पडली तर फक्त डिस्क बदलता येते. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्याला केवळ ध्वनिमुद्रण आणि साधे संकलन करायचे आहे, त्याने ॲपलच्या मॅक मिनीचा विचार न करता असेंब्लीकडे वळू नये. तो शांत असतो आणि वीज कमी घेतो. त्याची अडचण अशी, की त्यातील रॅम नंतर वाढवता येत नाही आणि अधिक साठवण क्षमतेचा पर्याय विकत घेताना खिसा चांगलाच हलका होतो. भावाच्या कामात साठवणीची भूक मोठी होती, म्हणून आम्ही जुळणीच्या बाजूने झुकलो.

ध्वनीला हवी वेळेची हमी

ध्वनीचे काम आणि चित्राचे काम संगणकाकडून अगदी वेगळ्या गोष्टी मागते. हा भेद लक्षात घेतला नाही तर सगळीच खरेदी बिघडते.

ध्वनीत माहितीचा भार तसा हलका असतो. २४ बिट आणि सेकंदाला ४८,००० नमुने या प्रमाणाने मुद्रित केलेल्या एका माइकची एका तासाची फाइल सुमारे ५१८ मेगाबाइटची होते. घुमट, शामेळ, कासाळे, पेटी आणि गाणारे मिळून १६ माइक लावले, तरी तासाला साधारण सव्वाआठ जीबी. साधी हार्ड डिस्कसुद्धा हे सहज पेलते. खरी कसोटी वेळेची आहे. संगणक आवाज एकेक नमुना घेऊन हाताळत नाही, तो नमुन्यांचे छोटे गठ्ठे करतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १२८ नमुन्यांचा बफर असेल तर ४८,००० ला भागून येतात सुमारे २.७ मिलिसेकंद. एवढ्या वेळात पुढचा गठ्ठा तयार झालाच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी मुद्रणात ‘टक्’ असा आवाज उमटतो आणि तो नंतर काढणे म्हणजे तांदळातले खडे वेचणे.

मग बफर मोठा का ठेवू नये? १०२४ नमुन्यांचा बफर ठेवला की संगणकाला २१ मिलिसेकंदांची उसंत मिळते. परंतु ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. २१ मिलिसेकंद म्हणजे सात मीटर. कानाला हेडफोन लावून घुमट वाजवणाऱ्याला स्वतःचीच थाप मंडपाच्या दुसऱ्या टोकावरून आल्यासारखी ऐकू येईल. प्रत्यक्षात आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना दुसरा, म्हणजे उशीर याच्या दुपटीहून अधिक. आरतीची लय चढू लागली की असा वादक हमखास अडखळतो, आणि दोष बिचाऱ्याच्या हाताला दिला जातो.

छोटा बफर पेलायचा तर प्रोसेसरच्या कोअरची नुसती संख्या मोजून भागत नाही. एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले परिणाम, म्हणजे आधी इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब, हे क्रमानेच करावे लागतात आणि साधारणपणे एकाच कोअरवर होतात. त्यामुळे एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. दुसरे म्हणजे ड्रायव्हर. वायफाय किंवा ग्राफिक कार्डाचा एखादा उद्धट ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर अडवून ठेवतो आणि कितीही महागडा संगणक ‘टक्’ करू लागतो. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे छोटे साधन हा गुन्हेगार दाखवून देते. ध्वनिमुद्रण चालू असताना वायफाय बंद ठेवावे, आणि ऑडिओ इंटरफेससाठी त्याच्याच कंपनीचा असिओ ड्रायव्हर वापरावा. मदरबोर्डवरच्या गुलाबी छिद्रात माइक खुपसून गंभीर काम होत नाही. संतुलित एक्सएलआर जोडण्या आणि कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा असलेला इंटरफेस ही या कामातील खरी पहिली खरेदी. भावाकडे तो होता. तुमच्याकडे नसेल, तर ग्राफिक कार्डाचे पैसे आधी तिकडे वळवा.

चित्राच्या फायलींचे ओझे

चित्राच्या बाबतीत सारे उलट होते. संकलन करताना एखादी चौकट अर्धा क्षण उशिरा दिसली तर वैताग येतो, पण मूळ चित्रण खराब होत नाही. तिथे भार माहितीचा आणि ती उलगडण्याचा असतो.

भावाचा कॅमेरा ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने साठवतो. म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. तीन कॅमेरे आणि तीन तासांचे नाटक धरले तर ४०५ जीबी. दुकानदाराच्या ५१२ जीबीच्या एसएसडीत विंडोज आणि संपादनाची प्रणाली बसवल्यावर एक नाटकसुद्धा धड मावले नसते. जत्रांचा हंगाम तर महिनोन्महिने चालतो.

फाइल एवढी मोठी असूनही ती मुळात प्रचंड दाबलेली असते. एच.२६५ सारख्या पद्धतीत प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण चित्र काढावे आणि पुढच्या अनेक पानांवर ‘मागच्यापेक्षा एवढेच बदलले’ असे लिहीत जावे, तसा हा प्रकार आहे. वही सरळ वाचत गेले तर काही अडचण नाही. संकलक मात्र कधी पुढे जातो, कधी मागे येतो, मधलेच पान उघडतो. दर वेळी संगणकाला मागचे पूर्ण चित्र शोधून तिथून पुढे हिशेब करीत यावे लागते. तीन कॅमेऱ्यांच्या तीन वह्या एकाच वेळी उघडल्या की लॅपटॉपचा पंखा का किंचाळतो, ते यावरून कळावे.

या उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक कार्डात स्वतंत्र मंडल असते, आणि दुकानदाराच्या कोटेशनमधील खरी खोच इथेच होती. भावाचा कॅमेरा एच.२६५ मध्ये १० बिट, ४:२:२ असे चित्रण करतो. १० बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा. ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती दोन बिंदूंमागे एकदा, तर नेहमीच्या ४:२:० मध्ये ती चार बिंदूंमागे एकदाच. रंगमंचावरच्या लाल-निळ्या झोतात चेहऱ्याचा रंग दुरुस्त करताना हा फरक जाणवतो. आता एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतची गेमिंग कार्डे ४:२:२ चे चित्रण स्वतःच्या मंडलात उलगडू शकत नाहीत. ही सोय ५० मालिकेपासून आली. याउलट इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स, ज्याला क्विक सिंक म्हणतात, असे एच.२६५ सहज उलगडते. आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये नेमके हे अंगभूत ग्राफिक्स नसते! थोडे पैसे वाचावेत म्हणून घेतलेला ‘एफ’ आणि त्या पैशांतून वाढवलेले मोठे कार्ड, ही जोडी भावाच्या फायलींपुढे हतबल ठरली असती. सारा भार प्रोसेसरच्या साध्या कोअरवर पडला असता आणि लाखाच्या घरातला संगणक जुन्या लॅपटॉपसारखाच अडखळला असता.

आम्ही कोअर आय ५ श्रेणीतील, १४ कोअरचा, ‘एफ’ नसलेला प्रोसेसर निवडला आणि कार्ड एक पायरी खाली आणले. डाव्हिंची रिझॉल्व्ह ही प्रणाली रंगकामासाठी ग्राफिक कार्डावर बरीच विसंबते, त्यामुळे कार्ड वगळून चालत नाही. १२ जीबी स्वतंत्र मेमरी असलेले कार्ड ४के कामाला पुरेसे आहे. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ३८४० गुणिले २१६० पर्यंतचा चित्रपट सेकंदाला ६० चौकटींनी बाहेर काढू देते. गावातील नाटकाला आणि लग्नाला त्याहून अधिक काही लागत नाही. चोरीची प्रणाली पेनड्राइव्हवर देणारे मित्र सर्वत्र असतात. त्यांच्याकडून एकदा विषाणू आला की मूळ फायलीही जातात, एवढेच सांगतो.

पुढील पिढीचा किंवा वापरलेला प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एक इशारा आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील काही प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज घेऊन कायमचे बिघडत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. कंपनीने त्यावर दुरुस्ती काढली, ती मदरबोर्डच्या बायोसमधून येते. एकदा झालेली हानी मात्र तिने भरून निघत नाही. म्हणून या पिढ्यांतील जुना प्रोसेसर कोणी स्वस्तात देत असेल तर हात आखडता घ्यावा, आणि नवा घेतला तर सर्वांत आधी बायोस अद्ययावत करावा.

रॅमबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. केवळ ध्वनीला १६ जीबी पुरते, चित्राला ३२ घ्यावी. एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. चार पट्ट्या लावण्याचा मोह टाळावा, कारण डीडीआर ५ मध्ये तसे केल्यास वेग बहुधा खाली आणावा लागतो. किमती मुद्दाम देत नाही. हा लेख छापून येईपर्यंत त्या बदललेल्या असतील.

साठवण, म्हणजे खरी शिदोरी

इथे स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जत्रेतील एका संगीत नाटकाचे चित्रण आम्ही केले होते. त्यात गावातील एका वयोवृद्ध नटाची भूमिका होती. ती त्यांची अखेरची ठरली. चित्रण एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर उतरवले, कॅमेऱ्याचे कार्ड पुढच्या कामासाठी रिकामे केले आणि डिस्क कपाटात ठेवली. एक पावसाळा गेला. चतुर्थीच्या सुमारास त्यांच्या घरच्यांनी चित्रण मागितले तेव्हा डिस्क जोडली आणि आतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली. माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेने सांगितलेली रक्कम डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होती आणि यशाची हमी नव्हती. ते पैसे आम्ही भरले नाहीत. त्या घरी जाऊन ‘नाही’ म्हणून सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

त्यामुळे भावाच्या वहीत आम्ही सर्वाधिक वेळ याच पानावर घालवला. वेगाच्या जाहिरातींनी इथे भुलू नये. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण २०० मेगाबाइट वाचते, साटा एसएसडी ५५०, तर एनव्हीएमई प्रकारची एसएसडी ३५०० पासून ७००० पर्यंत आणि त्याही पुढे. भावाच्या तीन कॅमेऱ्यांची मूळ चित्रणे एकत्र चालवायला सेकंदाला ३७.५ मेगाबाइट पुरतात. उलगडायला सोप्या अशा प्रोरेस ४२२ मध्ये रूपांतर केले, तर ४के मध्ये सेकंदाला २५ चौकटी धरून एका कॅमेऱ्याला सुमारे ६२ मेगाबाइट लागतात, तिघांना १८५. हार्ड डिस्क इथे कागदावर पुरते, पण तिची सुई तीन ठिकाणी धावता धावता थकते आणि चित्र अडखळते. साटा एसएसडीला मात्र हे काम सोपे जाते. ७००० मेगाबाइटच्या एसएसडीचे जादा पैसे या कामात कुठेही वसूल होत नाहीत.

प्रोरेसमध्ये रूपांतर केल्यास नऊ तासांच्या चित्रणाला जवळजवळ दोन टीबी जागा लागते. ती परवडत नसेल, तर प्रॉक्सी करावी, म्हणजे संकलनापुरती लहान आकाराची प्रत. १०८० रेषांची प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे १७ जीबी घेते. रात्री जेवायला बसण्यापूर्वी प्रॉक्सी करायला लावावी, सकाळी संकलन सुरू करावे. शेवटी चित्रपट बाहेर काढताना प्रणाली आपोआप मूळ फायलींकडे वळते. ज्याच्याकडे नवा संगणक घेण्याइतके पैसे आजच नाहीत, त्याने आधी एवढा उपाय करून पाहावा. जुन्या लॅपटॉपवरचे अनेक हाल त्याने कमी होतात.

शेवटी ठरले ते असे: विंडोज आणि प्रणालींसाठी एक टीबी एनव्हीएमई एसएसडी, चालू कामासाठी दोन टीबीची दुसरी, आणि पूर्ण झालेल्या कामासाठी आठ-आठ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. त्या दोन्ही संगणकात कायम बसवलेल्या नसतील. एक घरी राहील, दुसरी मडगावला त्याच्या बहिणीकडे. माहिती जपणाऱ्यांमध्ये ३-२-१ असा एक नेम रूढ आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या छपराखाली. कॅमेऱ्याचे कार्ड दोन ठिकाणी उतरल्याखेरीज रिकामे करायचे नाही, हेही त्याने वहीत लाल शाईने लिहिले. आरेड लावले की प्रत झाली, असा एक समज आहे. आरेडमुळे डिस्क बिघडली तरी काम थांबत नाही. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते.

वीज, ओल आणि गोंगाट

एसएमपीएस हा संगणकाचा सर्वांत दुर्लक्षित भाग. तो बिघडताना एकटा जात नाही, सोबत मदरबोर्डलाही नेतो. भावाच्या संगणकाचा प्रत्यक्ष भार ३५० वॅटच्या आसपास राहतो, म्हणून नामांकित कंपनीचा, ‘८० प्लस गोल्ड’ प्रमाणपत्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस घेतला. नाव नसलेल्या ‘७५० वॅट’पेक्षा तो केव्हाही बरा. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांत गल्लत होते. खोक्यावर १००० व्हीए लिहिलेला यूपीएस अनेकदा ६०० वॅटच देतो. शिवाय स्वस्त यूपीएसमधून येणारी पायऱ्यापायऱ्यांची लहर काही आधुनिक एसएमपीएसना रुचत नाही आणि वीज गेल्यावर यूपीएस असूनही संगणक बंद पडतो. शुद्ध साइन लहर देणारा घ्यावा.

पहिल्या पावसाच्या गडगडाटात मावशी घराचा मेन स्विच बंद करते. वीज खात्यावर तिचा विश्वास नाही, आणि तो नसण्याची कारणे तिच्याकडे आहेत. तिचे हे वागणे शास्त्राला धरूनच आहे, कारण विजेच्या कडकडाटात तारेतून येणारा तडाखा साधा स्पाइक गार्ड अडवू शकत नाही. आता मेन बंद झाला की भावाला फाइल जतन करून संगणक रीतसर बंद करायला दहा-बारा मिनिटे मिळतात. मग भिंतीतून प्लग काढायचा आणि ब्रॉडबँडची तारही सोडवायची. तडाखा तिथूनही येतो, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते.

ध्वनीचे काम करणाऱ्याला अर्थिंगचा प्रश्न वेगळ्याच वाटेने छळतो. स्पीकरमधून ‘हुंऽऽ’ असा अखंड घरघराट येतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि तो घरघराट तिचा वा तिच्या पटींचा असतो. मिक्सर एका खोलीतील प्लगला आणि संगणक दुसऱ्या खोलीतील प्लगला लावला, की दोन अर्थिंगमध्ये चक्र तयार होते. सगळी साधने एकाच बोर्डावरून चालवावीत, तारा संतुलित वापराव्यात. काही जण यावर इलाज म्हणून प्लगची जाड पिन मोडून टाकतात. घरघर थांबते, पण माइकला ओठ लावणाऱ्याला झटका बसण्याची सोय होते. असे कधीही करू नये. चिऱ्यांच्या जुन्या घरात तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात खड्ड्यातील माती सुकली की त्याचा उपयोग कमी होत जातो.

मग ओल. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत चपलांवर बुरशी येते तशी ती लेन्सवरही येते, आणि किनाऱ्यालगत खारी हवा धातूच्या टोकांना खाते. संगणकावर प्लास्टिकचे आवरण घालून ठेवण्याची आपली सवय उलटी पडते, आत ओल कोंडून राहते. काम नसले तरी पावसाळ्यात संगणक रोज तासभर चालू ठेवावा, त्याच्या उष्णतेने तो स्वतःला सुकवतो. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. सुट्या हार्ड डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह ठेवाव्यात आणि तीन महिन्यांनी एकदा जोडून पाहाव्यात. आमच्या त्या डिस्कला ओलीनेच मारले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मधल्या काळात एकदा जरी जोडून पाहिली असती तर लक्षण आधी कळले असते.

काचेच्या कॅबिनेटऐवजी जाळीचे, साधे काळे कॅबिनेट आले. पंखे १४० मिलिमीटरचे, कारण मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ओढतो आणि आवाज कमी करतो. ज्या खोलीत माइक आहे तिथे हार्ड डिस्कही फिरत नसावी. शक्य असल्यास संगणक शेजारच्या खोलीत ठेवून तार भिंतीतून घ्यावी. यूएसबी २ ची तार पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते, एवढे मोजून घ्यावे. रंग अचूक दाखवणारा मॉनिटर यंदाच्या हिशेबात बसला नाही. तो पुढच्या हंगामावर ढकलला.

सगळे भाग पक्क्या जीएसटी बिलावर घेतले आणि एका शनिवारी दुपारी मावशीच्या जेवणाच्या टेबलावर जुळणी केली. मदरबोर्डवरील खाचेत प्रोसेसर ठेवताना मात्र श्वास रोखावा लागतो. त्या खाचेत केसासारख्या बारीक पिना असतात, एक जरी वाकली तरी हमी गेली. प्रोसेसर दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवायची. रॅमच्या दोन पट्ट्या कोणत्या खाचांत घालायच्या ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते, सहसा दुसऱ्या आणि चौथ्या. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या चिमुकल्या तारा जोडण्यात आमची अर्धी संध्याकाळ गेली.

बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटे. भावाचा चेहरा उतरला, मावशीने देवाकडे पाहिले. डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची पारख करतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात, हे मी वाचले होते, तरी मलाही धीर धरवत नव्हता. घाबरून मध्येच बटण बंद करणारे पुष्कळ असतात. सुमारे चार मिनिटांनी पडद्यावर अक्षरे उमटली.

चवथीला त्याने घुमट आरतीचे मुद्रण १२८ च्या बफरवर केले. वादकांनी हेडफोन काढून टाकले नाहीत, यातच सगळे आले. आता त्याच्या डोक्यात वेगळेच घोळते आहे. आजोबांच्या भजनी मंडळाच्या साठेक कॅसेट माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत आहेत. तासाभराची एक कॅसेट दोन ट्रॅकवर मुद्रित केली तर साधारण एक जीबी, म्हणजे साऱ्या मिळून ६० ते ६५ जीबी. नव्या संगणकाला हे काहीच नाही. अडले आहे ते जुन्या कॅसेट प्लेअरच्या रबरी पट्ट्यापाशी. तो सैल झाला आहे आणि भजने लयीत डुलतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाने तसा पट्टा शोधून देण्याचे कबूल केले आहे.